कोरा माणूस

गेल्या अडीच वर्षांत मला कुणी धड काही सांगितलेलं नाही, आणि त्याचं कारण असं की मी फार खरं बोलतो. हे तुम्हाला उलटंसुलटं वाटेल. मलाही वाटतं. पण मला पगार मिळायचा तो याच गोष्टीचा.

मी आमच्या बेलापूरच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये शिरलो की बोलणी बंद. हिशेब खात्यातला गोरक्ष एरवी बोलून बोलून समोरच्याचा चहा थंड करणारा माणूस, पण मला बघितलं की तो भिंतीवरच्या आग विझवण्याच्या सूचना वाचायला लागायचा. लिफ्टमध्ये मी आहे म्हटल्यावर लोक चार मजले जिन्याने चढायचे. मला काही रोग नव्हता. मी त्यांचा निवेदक होतो, आणि मला चुकून काही कळलं तर सांगणाऱ्याची नोकरी जाणार होती.

माझं नाव विश्राम घरत, राहणार उरण, वय छप्पन्न. सागरवेध ड्रिलिंग या कंपनीत मी बावीस वर्षं समुद्रातल्या रिगवर काढली. त्यातली शेवटची नऊ टूलपुशर म्हणून, म्हणजे रिगवर खणणाऱ्या सगळ्या माणसांचा मुकादम. मग एका जिन्यावरून घसरलो, गुडघा गेला आणि मी जमिनीवर आलो.

सागरवेधकडे स्वतःचं तेल नाही. तेल दुसऱ्यांचं, आम्ही भाड्याने विहिरी खणून देणारे. पाच रिग, प्रत्येकीचं रोजचं भाडं ठरलेलं. रिग खणत असेल तर भाडं चालू, करार संपून उभी राहिली तर भाडं शून्य, आणि खर्च मात्र तसाच. त्यामुळे दर तीन महिन्यांनी कंपनीला गुंतवणूकदारांपुढे दोन गोष्टी मांडाव्या लागतात: गेल्या तिमाहीत काय कमावलं, आणि पुढे काय दिसतंय. पहिल्या भागावर लेखापरीक्षकांची नजर असते. दुसऱ्यात, म्हणजे पुढच्या अंदाजात, पूर्वी वाटेल ते ठोकून देता यायचं. काटा आल्यावर ते बंद झालं.

काटा म्हणजे आवाज मोजणारं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव भलंमोठं आहे, पण सगळे काटाच म्हणतात. खोटं पकडणारी जुनी यंत्रं भीती मोजायची. घाम, नाडी, श्वास. त्यात घाबरट खरा माणूस अडकायचा आणि निर्ढावलेला लबाड सुटायचा. काटा भीतीकडे बघतच नाही. माणूस स्वतःला न पटलेलं बोलतो तेव्हा त्याच्या मेंदूला एकाच वेळी दोन कामं पडतात. माहीत असलेलं दाबून धरायचं आणि माहीत नसलेलं उभं करायचं. या ओढाताणीत स्वरयंत्राच्या स्नायूंना मिळणारा हुकूम सेकंदाच्या काही हजाराव्या भागाने उशिरा पोचतो. कानाला ते कळत नाही, काट्याला कळतं. प्रत्येकाचा घसा वेगळा, म्हणून आधी चार तास त्या माणसाला बोलतं करून यंत्राला त्याची ओळख करून देतात. शिवाय परक्या भाषेत बोलताना मेंदू तशीही दुप्पट मेहनत करत असतो, म्हणून काटा नीट चालतो तो फक्त मातृभाषेत. दोन हजार छत्तीस साली नियम झाला की पुढचा अंदाज कंपनीच्या माणसाने स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या भाषेत सांगायचा. भाषांतर यंत्र करील, आणि प्रत्येक वाक्यापुढे शंभरपैकी आकडा सगळ्यांना दिसेल.

पहिल्या वर्षी नुसती धमाल झाली. मोठमोठे अध्यक्ष अठ्ठावीस आणि चौतीसवर आपटले. एका गृहस्थांचा घसा सलग तीन तिमाह्या बसलेला होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काट्याला खरं काय ते ठाऊकच नसतं. बोलणाऱ्याला ते खरं वाटतंय का, एवढंच त्याला कळतं. म्हणजे खोटं तो पकडतो, चूक पकडत नाही. मग काय, सगळं माहीत असणारा माणूस वेगळा आणि बोलणारा माणूस वेगळा, अशी व्यवस्था झाली.

आमच्या वित्तप्रमुख वैजयंती कारखानीस मॅडम. हुशार बाई, आवाज कधी चढणार नाही. मी गुडघ्याला पट्टा बांधून गोदामात बसत होतो, तिथे त्या स्वतः आल्या. म्हणाल्या, "विश्रामराव, तुमच्या शब्दावर रिगवरची माणसं वादळात कामाला उभी राहायची. तो शब्द आता कंपनीला हवाय." मला वाटलं, हा आपला मान. मूर्ख मी. त्यांना शब्द नको होता, घसा हवा होता. ऑफिसात माझ्यासारख्या माणसाला एक नाव आहे, ते मला वर्षभराने कळलं. कोरा.

कोरं राहण्याचे नियम होते. रिगवरून रोज सकाळी सहाला कामाचा अहवाल येतो. नऊ वर्षं मी तो लिहिला, पण आता तो वाचायची मला बंदी. रिगवर फोन करायचा नाही. बातम्या कंपनीच्या चाळणीतून येतील तेवढ्याच. आणि घरीसुद्धा कागद आला, सोबत दिवाळीची मिठाई. रिगवर नातेवाईक असल्यास त्यांच्या कामाविषयी निवेदकाशी बोलू नये.

माझी बायको जयश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लेखी सूचना आली की ती पाळायची, हे तिच्या हाडात आहे. पण न सांगण्याची एकदा सवय लागली की ती एका विषयापुरती राहत नाही. दूधवाला बदलल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. तिच्या रक्तातली साखर वाढल्याचं मला औषधाच्या दुकानदाराकडून कळलं. विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला कशाला उगाच त्रास?" मला इतकी तिडीक आली की मी ताट सारून उठलो. कशाबद्दल भांडायचं, तेही धड समजेना.

आता प्रीतमचं. प्रीतम म्हात्रे, माझा मेहुणा, जयश्रीचा धाकटा भाऊ. माझ्याच हाताखाली रिगवर शिकला आणि आता सागरवेध-तीनवर ड्रिलर आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. मार्चमधल्या एका रविवारी तो जेवायला आला. रत्नागिरीकडे तुरळच्या गरम झऱ्यांजवळ जमिनीतली उष्णता काढायला खोल विहिरी खणायचं नवं काम निघालं होतं. त्यांना समुद्रातले अनुभवी ड्रिलर हवे होते, आणि त्याला बोलावणं आलं होतं. दहा तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"भावोजी," तो म्हणाला, "जूनला तीनचा करार संपतो. पुढं काय?"

जयश्रीने लगेच आमटीच्या भांड्यावर डाव आपटला. हा निषिद्ध विषय होता. पण मी जानेवारीच्या निवेदनात जे वाचलं होतं तेच सांगायला हरकत नव्हती. सांगितलं, "तीनचा करार तीन वर्षांसाठी वाढेल, याची आम्हाला खात्री आहे."

प्रीतमने हसत मोबाईल पुढे धरला. माझ्या आवाजाची ओळख जाहीरच असते, त्यामुळे कुणीही माझ्यावर काटा लावू शकतो. आकडा आला सत्त्याण्णव.

"मंग झाला," तो म्हणाला. त्याने मोबाईल बंद केला, अगदी पुरता, बटण दाबून धरून, आणि खिशात टाकला. मी त्याला सोडायला पडवीत आलो. चपला घालता घालता तो म्हणाला, "भावोजी, सप्लाय बोटीच्या दोन खेपा झाल्या, रंग नाय आला. तारेच्या ब्रशांनी नुसता गंज खरवडतोय."

हे नीट समजून घ्या. समुद्रात लोखंडाला एका आठवड्यात गंज धरतो, म्हणून रिगवर रंगकाम कधी थांबत नाही. एका टोकापासून सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा लाल झालेलं असतं. रंगाचे डबे तांदळासारखे येत राहतात. मालकाने रंग पाठवणं थांबवलं तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो रिगवर बावीस वर्षं काढलेल्याला सांगावा लागत नाही.

मी म्हणालो, "बोटीवर जागा नसेल झाली. येईल पुढच्या खेपेला."

प्रीतमने दुसरी चप्पल पायात सरकवली. मग "बरा" म्हणून गेला. तुरळवाल्यांना त्याने नकार कळवला.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी मी कामावरून लवकर आलो आणि वाटेत प्रीतमच्या घरावरून गेलो. पडवीत त्याचा नारिंगी डगला वाळत होता. मी हिशेब केला. हा माणूस या वेळी समुद्रात हवा. डगला एक असता तर समजलो असतो, पण शेजारी बूट होते, हेल्मेट होतं आणि दोरीवर त्याची रिगवरची चादरसुद्धा होती. चादर माणूस कधीच परत आणत नाही.

घरी येऊन जयश्रीला विचारलं. ती पाठ फिरवून पोळ्या लाटत राहिली.

"अकरा दिवस झाले," शेवटी म्हणाली. "सगळ्यांना घरी पाठवलंय. नियोजित देखभाल म्हणून."

"अकरा दिवस! आणि तू मला..."

"अहो, मला लेखी आलंय. तुम्हीच सही करून दिली होतीत. आता माझ्यावर कशाला ओरडता?"

बरोबर होतं तिचं. त्यामुळेच जास्त चिडलो. ओरडायला सुद्धा हक्काचं कुणी उरलं नव्हतं.

तसाच परत प्रीतमकडे गेलो. तो पडवीतच बसला होता. तुरळवाल्यांनी दुसरी तुकडी काढली होती आणि त्याला पुन्हा विचारलं होतं. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं, त्यानंतर तिसरी तुकडी नाही. इकडे कंपनीने सांगितलेलं, सहा आठवडे थांबा, सप्टेंबरात तीन कामावर परतेल, तोवर अर्धा पगार.

"तू जा तिकडे," मी म्हणालो.

"का? तुम्हाला काय कलला?"

"मला काहीच माहीत नाही."

तो हसला, पण चांगलं नाही. "तुम्ही अख्ख्या देशाला सांगता आनि तुम्हाला माहीत नाय? भावोजी, नोकरी सोडली तर बारा वर्षांची सिनिऑरिटी, बढती, सगला सोडून जायचा. तिकडं आता दुसऱ्या तुकडीला शिकाऊपासून. मी गुरुवारी तुमचा निवेदन ऐकतो. आकडा बघतो आनि ठरवतो."

मी म्हणालो, "अरे, तो आकडा माझा आहे, रिगचा नाही." त्याला ते टोलवाटोलवीसारखं वाटलं असणार. रंगाचा विषय माझ्या जिभेवर आला होता. पण तो काढला की मार्चचंही निघणार. मी काढला नाही.

बुधवारी सकाळी ऑफिसात गाडी लावताच मला बेलापूरच्या पाहुणेघरात नेलं. निवेदनाआधी एक दिवस निवेदकाला तिथे ठेवतात, मोबाईल काढून घेतात, दारावर माणूस असतो. याला शांततेचा काळ म्हणतात. पहिल्यांदा कोरेपणाची चाचणी झाली. काट्यापुढे वीस प्रश्न.

"सागरवेध-तीन कायमची बंद होणार, असं तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

"नाही." अठ्ठ्याण्णव. कुणी सांगितलंच नव्हतं.

"तिचं पुढे काय होणार, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"माहीत नाही." अठ्ठ्याण्णव.

कारखानीस मॅडम खूश झाल्या. "विश्रामराव, असा माणूस शोधून सापडत नाही."

"मॅडम, माझा मेहुणा त्या रिगवर आहे. त्याचं घर त्यावर चालतं. मला एकदा सांगा ना, तीनचं काय?"

"सांगितलं तर उद्या बोलणार कोण?" त्या अगदी मायेने म्हणाल्या. "बँकांचं फेरकर्ज उद्याच्या अंदाजावर आहे. ते मिळालं तर उरलेल्या चार रिग चालतील."

"उरलेल्या" हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला की त्यांना तसंच म्हणायचं होतं, हे मला कळलं नाही. त्यांनी लगेच दुसरा कागद पुढे केला. कारण कोरेपणानंतर खात्री भरायची असते. निवेदकाला निवडक, खरे कागद दाखवतात, म्हणजे त्याचं मन आपोआप ठरतं. एका तेल कंपनीचं पत्र होतं, "आपल्या रिगमध्ये आम्हाला रस आहे" असं. आणि सागरवेध-तीनच्या देखभालीची यादी होती, एक्केचाळीस कामांची, छान रंगीत तक्त्यात. इंजिनं तपासणं, पंपांचे भाग बदलणं, क्रेनची दुरुस्ती, कामगारांच्या खोल्यांना नवे पडदे.

मी यादी एकदा वाचली. परत वाचली. मग बोट ठेवून वाचली.

रंग नव्हता. रिग गोदीला लागली की पहिलं काम असतं ते पाय आणि तळ वाळूच्या माऱ्याने खरवडून रंगवायचं. बाकी सगळं त्याच्यामागून. एक्केचाळीस कामांत पडदे होते आणि रंग नव्हता. यादी करणारा कधी रिगवर उभा राहिला नव्हता, आणि जो उभा राहिला होता त्याला विचारायची त्यांना बंदी होती, कारण तो मी.

मी कागद परत दिला. मॅडमनी विचारलं, "पटतंय ना?" मी मान हलवली. मानेवर काटा चालत नाही.

दिवसभर त्या खोलीत मी येरझाऱ्या घातल्या. दारावरच्या माणसाकडे एक फोन मागितला, तो म्हणाला, "साहेब, माझी नोकरी जाईल." जयश्रीला निरोप देता येईना, प्रीतमला देता येईना. समुद्रात असताना एकशेसाठ किलोमीटरवरून घरी बोलता यायचं आणि इथे उरणचं घर खाडीपलीकडे असून एक शब्द पोचवता येईना. प्रीतमपर्यंत पोचायला मला एकच वाट उरली होती, आणि ती साऱ्या बाजारासमोरून जात होती.

गुरुवारी चार वाजता निवेदन सुरू झालं. गोल टेबल, समोर मायक्रोफोन, पडद्यावर ऐकणाऱ्यांची संख्या: तीन हजार एकशे नऊ. त्यातला एक प्रीतम. माझ्या उजवीकडे कारखानीस मॅडम. पहिला भाग सोपा होता. "एप्रिल ते जून या तिमाहीत कंपनीचं उत्पन्न सहाशे बारा कोटी रुपये, निव्वळ नफा अडतीस कोटी." सत्त्याण्णव. "ताफ्याचा वापर चौऱ्याण्णव टक्के." अठ्ठ्याण्णव. "भाड्याचे दर स्थिर आहेत." शहाण्णव. मागची तिमाही खरंच चांगली गेली होती. त्या आकड्यांमागे प्रीतमसारख्यांची हाडं झिजली होती, हे वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं.

मग पुढचा अंदाज आला. चेन्नईच्या एका विश्लेषक बाईंनी प्रश्न विचारला. यंत्राच्या पुस्तकी मराठीत तो आला, "महोदय, तिसऱ्या क्रमांकाच्या वेधन मंचाच्या पुनरागमनाविषयी आपली धारणा काय?"

कागदावर उत्तर तयार होतं. मी वाचलं. "सागरवेध-तीन सप्टेंबरात कामावर परतेल, याची आम्हाला पूर्ण खात्री आहे."

आकडा आला एकतीस.

खोलीत कुणीतरी श्वास आत ओढला. अडीच वर्षांत मी नव्वदच्या खाली आलो नव्हतो; एप्रिलच्या निवेदनात तीनचा विषयच नव्हता. कारखानीस मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. नियमात एक सवलत आहे. घसा कोरडा पडला असेल तर निवेदकाने पाणी पिऊन तेच वाक्य एकदा परत म्हणायचं, दुसरा आकडा ग्राह्य धरतात. त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "दीर्घ श्वास घ्या. पत्र आठवा. आपल्या रिगमध्ये रस आहे म्हणालेत ते."

मी पाणी प्यालो, सगळा ग्लास. कागद उपडा ठेवला. ऑफिसात मी अडीच वर्षं शुद्ध बोललो होतो, घरचं तोंडातून निघू दिलं नव्हतं. आता तेच निघालं.

"मना माहीत नाय," मी म्हणालो.

भाषांतराचं यंत्र अडखळलं. काटा नाही अडखळला. नव्व्याण्णव.

"मी पाहुणेघरात देखभालीची यादी बघितली. त्यात रंग नाही. मी बावीस वर्षं रिगवर होतो. परत समुद्रात न्यायची रिग कुणी रंगाशिवाय सोडत नाही. तीनचं काय होणार ते मला कुणी सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत. पण मला ती परतेल असं वाटत नाही." प्रत्येक वाक्याला सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मग मायक्रोफोन बंद झाला.

पुढच्या वीस मिनिटांत कंपनीचा शेअर किती पडला, ते मी सांगत नाही, तुम्हाला कुठेही मिळेल. मला ओरडा होईल असं वाटलं होतं. कारखानीस मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा काढून त्या पुसत बसल्या. म्हणाल्या, "साडेचारशे माणसं आहेत उरलेल्या चार रिगवर, विश्रामराव. आज फेरकर्ज मिळालं असतं तर त्यांचं दोन वर्षं निभावलं असतं. तुम्ही एका मेहुण्यासाठी बोललात."

"मग मला आधी सांगायचं होतंत, मॅडम. मीच काहीतरी मार्ग..."

"तुम्ही तरी कधी विचारलंत?" त्या म्हणाल्या. "काल पहिल्यांदा. त्याआधी नऊ निवेदनं झाली."

अजूनही त्या साडेचारशे माणसांचा विषय निघाला की मला खाली बघावं लागतं. त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, मी दिलं. मोबाईल परत मिळाला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रीतमला लावला, लागेना. जयश्रीला लावला. तिने ऐकलं होतं, शाळेच्या शिक्षकखोलीत सगळ्या बाया मिळून ऐकत होत्या. "नोकरी गेली ना?" ती म्हणाली.

"गेली."

"बरं झालं. म्हणजे आता बोलता येईल." आणि तिथल्या तिथे, फोनवरच, ती सुरू झाली. साखर दोनशे चाळीसवर होती. स्वयंपाकघराच्या कौलातून जूनपासून पाणी येतं, ती बादली लावते आणि मी यायच्या आत उचलते. आमच्या लेकीने पुण्यातली खोली बदललीय. मी गाडीत बसून ऐकत राहिलो. मध्ये मध्ये रागही येत होता, पण थांब म्हणवेना.

साडेपाचला प्रीतमचा फोन आला.

"ऐकला भावोजी."

"मग?"

"कलवला त्यांना. हो म्हनालो. शनवारी हजर व्हायचा, तुरळला."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. म्हणालो, "चांगलं झालं. मार्चमध्येच गेला असतास तर पहिल्या तुकडीत असतास. शिकाऊपासून करावं लागलं नसतं."

"हां." तो म्हणाला. "मार्चला मी तुमाला रंगाचा बोललो होतो. आठवतं?"

"आठवतं."

"मोबाईल बंद करून बोललो होतो."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग पडवी आठवली, आणि बटण दाबून धरलेला त्याचा अंगठा.

"काटा चालू असला की तुम्ही कंपनीचे," प्रीतम म्हणाला. "म्हनून बंद केला. रंगाचा मनापन कलतो भावोजी, तुमीच शिकवलाय. तुमच्या तोंडून ऐकायचा होता. वाटला, आता भावोजी बोलतील."

"नाही रे," मी म्हणालो, "तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं."

"बरा," तो म्हणाला. त्याच आवाजात, जसा मार्चमध्ये म्हणाला होता. तो फोन ठेवणार होता.

"प्रीतम, थांब," मी म्हणालो. "कलला होता. तेव्हाच कलला होता मना."

पलीकडे कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. मग तो म्हणाला, "हां. आता बोललात."

मी स्टिअरिंगवरून डोकं वर उचललं.

"शनवारी सकाली सहाला निघायचा हाय," प्रीतम म्हणाला. "सामान लय हाय. गाडी घेऊन तुमीच या."